फणसाखालच्या काजूबिया

माझा स्वभाव तापट आहे. वाडीत कुणालाही विचारा, नाकावर माशी बसू देत नाही म्हणून सांगतील. माहेर बुरोंडीचं, दर्यावरचं. तिथे दोन बायका साधं बोलत असल्या तरी परक्या माणसाला भांडण वाटतं. लग्न होऊन मी खेडच्या आतल्या अंगाला आले, पण आवाज काही खाली आला नाही. तापट माणूस मनाने सरळ असतो, अशी मात्र माझी स्वतःबद्दल पक्की समजूत होती.

आमचं घर सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळमाळाच्या, कडेला. नवरा लोट्याला केमिकल कंपनीत, आठवड्याला पाळी बदलते. रात्रपाळी असली की जेवून फाट्यावर जायचं, कंपनीची बस पकडायची, आणि सकाळी डोळे लाल करून परत यायचं. मुलं शिकायला बाहेर. शेजारी, मध्ये चिऱ्यांचा गडगा सोडला की, माझ्या थोरल्या जावेचं घर. दीर वारून बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा मुंबईला नोकरीत, सून तिकडेच. वहिनी इथे एकट्या. बोलायला हळू, चालायला हळू, आणि माझ्यासारख्या बाईबरोबर वीस वर्षं शेजार करून एकदाही आवाज न चढवलेल्या.

घरामागे सड्याच्या उतारावर माझी काजूची कलमं आहेत, चाळीस. माझी म्हणते, कारण कातळात खड्डे पाडले ते गड्यांनी, पण खालच्या पऱ्यातून, ओढ्यातून, डोक्यावर माती वाहिली ती मी. पहिले दोन उन्हाळे हंड्याने पाणी घातलं तेही मीच. नवरा म्हणायचा, "कातळावर कुठे झाडं जगतात? मासळीवाल्यांच्या गावची तू, तुला काय कळतंय?" जगली ती झाडं. चौथ्या वर्षी बोंडं धरली तेव्हा मी प्रत्येक झाडाला हात लावून आले. सांगायचं एवढंच, की त्या झाडाची एक बी गेली तरी मला कुणीतरी चिमटा काढल्यासारखं होतं.

आणि त्या वर्षी बिया जायला लागल्या. एखाद्या दिवशी नव्हे, रोज. संध्याकाळी बघून यावं, पिवळी-लाल बोंडं टच्च पिकलेली, उद्या पडतील म्हणावं, आणि सकाळी झाड रिकामं. खाली बी नाही. बोंडसुद्धा नाही. काजू चोरणारा माणूस बी पिळून काढतो आणि बोंड तिथेच टाकतो, बोंडाला विचारतो कोण? हा चोर बोंडासकट नेत होता. मी म्हटलं, बेरकी आहे, माग ठेवत नाही.

एकदा वहिनींकडे ताक मागायला गेले तर खळ्यात हातरीवर काजूबिया वाळत घातलेल्या. हातरी भरून. त्यांच्याकडे काजूची झाडं दोन, त्यातलं एक वठलेलं. मी उभी राहिले.

"वहिनी, एवढ्या बिया कुठनं हो?"

"फणसाखाली मिळतात गो," त्या म्हणाल्या. "वाघळं टाकतात रात्रीची. रोज सकाळी ओटीभर मिळतात बग."

त्यांच्या परड्यात दिरांनी लावलेला मोठा फणस होता, पानांनी गच्च, दिवसासुद्धा खाली काळोख. त्याच्या एका बाजूला गोठ्याचा पत्रा. बुरोंडीला मी वटवाघळं पाहिली होती ती वडाला लटकलेली, कोंबडीएवढी. ती रात्री उठून जांभळं, आंबे खायला जातात हे ठाऊक होतं. पण माझ्या झाडाच्या बिया नेमक्या वहिनींच्या दारात आणून टाकतात, आणि त्याही ओटीभर? मी म्हटलं, "वाघळांना तुमचं अंगण बरं सापडतं!" आणि ताक न घेता परत आले.

नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "चार-दोन टाकतात वाघळं, खरं आहे ते."

"चार-दोन! हातरी भरल्ये तिथे."

"मग वहिनी चोरते म्हणतेस?"

"मी कुठे म्हटलं?"

"म्हणू पण नको," तो म्हणाला, आणि बससाठी निघून गेला.

आमच्याकडे चोरी झाली की पोलिसांत जायच्या आधी माणूस देवाकडे जातो. ग्रामदेवीच्या पुढ्यात नारळ ठेवायचा, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. कुणाचं नाव घ्यायचं नाही. नाव देवी शोधते. ज्याचं मन खातं तो मुदतीच्या आत येऊन कबूल होतो, नाहीतर त्याच्या घरात काहीतरी वाकडं होतं. म्हणजे मुदतीत झालेलं प्रत्येक वाकडं त्या नारळाच्या खात्यावर जातं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नवरा दिवसपाळीवर असताना मी नारळ घेऊन देवळात गेले. सकाळची वेळ, आठ-दहा बायामाणसं होती. गुरवाने विचारलं, मुदत किती? मी म्हटलं, चैत्री पुनव.

"जो कोण ह्या लेकीच्या बिया नेत असेल," गुरव म्हणाला, "त्याच्या घरात पुनवेपर्यंत चैन पडू देऊ नको. पुनवेच्या आत त्याला उजेडात आण."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. मी जरा मोठ्यानेच म्हटलं. नाव कुणीच घेतलं नव्हतं, आणि देवळातून बाहेर पडेपर्यंत सगळ्यांना नाव कळलं होतं. हातरी काय मी एकटीनेच पाहिली होती?

नवरा संध्याकाळी आला तो फाट्यावरच ऐकून आला. डबा ओट्यावर आपटला. "भावजय आहे ती माझी. आईच्या जागी."

"मी नाव घेतलेलं नाही."

"नारळ ठेवणं सोपं असतं," तो म्हणाला. "उचलताना बघ."

पुढचे चार-पाच दिवस मी देवीवर सोडून गप्प बसले. झाडावरची बोंडं जातच राहिली. मग मात्र मला राहवेना. देवी उजेडात आणील तेव्हा आणील, आपण बॅटरी घेऊन बसायला काय हरकत आहे? उतारावर गवताने शाकारलेली खोपी होती, दुपारी टेकायला बांधलेली. षष्ठीच्या रात्री जेवून मी तिथे जाऊन बसले. बरोबर काठी, बॅटरी, आणि वाजवायला पत्र्याचा डबा, कारण सड्यावर बिबट्या फिरतो. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात.

खरं सांगते, एवढी वर्षं सड्याच्या कडेला राहिले, पण रात्री घराबाहेर बसले नव्हते. रात्र म्हणजे दार लावायचं, एवढंच ठाऊक. पहिल्या रात्री प्रत्येक आवाजाला मी बॅटरी मारत होते, आणि बॅटरी मारली की काही दिसत नव्हतं. उजेडापुढे एक पांढरी भिंत, बाकी सगळं आणखीन काळं. मग वडील आठवले. ते मचव्यावर रात्री जाळी टाकायला जायचे. लहानपणी एकदा मला नेलं होतं. मी कंदील मागितला तर म्हणाले, "डोळ्यांना जरा वेळ दे. दिवा लावलास की फक्त दिवाच दिसणार." बॅटरी मांडीखाली ठेवली आणि बसून राहिले. हळूहळू झाडं वेगवेगळी दिसायला लागली. मग फांद्या. आकाशात अर्धा चंद्र होता, तेवढा पुरे झाला.

पहिला चोर मी त्याच रात्री पकडला. वरच्या पायवाटेवर कातळाच्या तुकड्यावर लालभडक ठिणगी. कुणीतरी बसून विडी ओढतंय! मी डबा वाजवला आणि ओरडले, "कोण रे तो? उभा राहा!" बॅटरी मारली तर ठिणगीच्या दोन झाल्या आणि उडाल्या. माझ्या डोक्यावरून, पंखांचा आवाज न करता. रातवा पक्षी होता तो. दिवसा पालापाचोळ्यात बसला तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, आणि रात्री तापलेल्या कातळावर येऊन बसतो. त्याच्या डोळ्यांवर उजेड पडला की निखारा. ज्या उजेडाने ती विडी पेटली होती तो माझ्याच बॅटरीचा; मांडीखाली ती नीट बंद झालीच नव्हती, उजेड तिरपा बाहेर पडत होता. मी एकटीच हसले. थोड्या वेळाने तो लांब कुठेतरी 'चक-चक-चक-चक' करायला लागला. हा आवाज मी हजार वेळा अंथरुणातून ऐकला होता आणि बेडूक समजले होते.

दुसऱ्या रात्री गडग्याच्या खालून कुणीतरी काटक्यांची मोळी ओढत चालल्याचा आवाज आला. सरसर, खुळखुळ, मग थांबायचं, मग नाकातून फुसफुस. ह्या वेळी मी ओरडले नाही. साळिंदर होतं. मागून दुसरं. दोघांनी मिळून कणगरांच्या कंदांची जागा उकरली, मचमच खाल्लं, आणि एकाने अंग झटकलं तेव्हा काट्यांचा असा खुळखुळाट झाला की माझ्या अंगावरही काटा आला. माझ्यापासून ते दहा पावलांवर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आपल्याच मळ्यात आपल्याला कुणी मोजत नाही, हे मला जरा लागलं आणि जरा बरंही वाटलं.

आणि कांडेचोर, म्हणजे उदमांजर. आधी वास आला, आंबेमोहोर भात शिजत असल्यासारखा. ह्या वेळी भात कोण शिजवतंय म्हणून मी मान वर केली, तर कलमाच्या फांदीवरून एक लांब काळं जनावर चाललेलं, मांजरापेक्षा मोठं, शेपूट त्याच्याएवढंच. मी मनात म्हटलं, सापडलास! त्याने बोंड ओढलं, तिथेच फांदीवर बसून चाटूनपुसून खाल्लं, आणि बी टाकली. खाली, झाडाखाली. सकाळी ती बी मला तिथेच मिळाली. म्हणजे तो नव्हे.

मी दहा-साडेदहापर्यंत बसत होते, फार तर अकरा. मग झोप यायची. चंद्र तोवर पश्चिमेला असायचा, मावळलेला नसायचा. आणि सकाळी बोंडं गेलेली असायची. माझं डोकं चाललं: चोर चंद्र मावळायची वाट बघतो! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. जनावराला एवढी अक्कल कुठून? हे माणसाचंच काम. आता वहिनींबद्दल मला शंका उरली नव्हती. एकच गोष्ट जुळत नव्हती, पण तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही: फांदीवरची बोंडं जात होती, तरी झाडाखाली पडलेल्या बिया मात्र रोजच्यापेक्षा जास्त मिळायला लागल्या होत्या. हलक्या, खडखडीत वाळलेल्या. मला वाटलं, ऊन फार आहे.

नवमीला मी ठरवलं, आज चंद्र मावळेपर्यंत उठायचं नाही. चहाचा थर्मास नेला. एक वाजून गेला. चंद्र पलीकडच्या डोंगराला टेकला, लाल झाला, गेला. काळोख असा पडला की स्वतःचा हात दिसेना. मी डोळ्यांना वेळ दिला.

थोड्याच वेळात वाऱ्याशिवाय पानं हलली. फड्. मग दुसऱ्या झाडावर, फड् फड्. काहीतरी माझ्या कानाजवळून गेलं. मी बॅटरीवर लाल ब्लाउजपीसचा तुकडा बांधला होता, दोन दिवसांत एवढी शहाणी झाले होते. तो मंद उजेड हळूच वर केला. वटवाघळं. बुरोंडीची ती मोठी नव्हेत, लहान, मुठीएवढी, कुत्र्याच्या पिल्लासारखी तोंडं. एक आलं, पंखांनी बोंडाला मिठी मारली, झटका दिला, आणि बोंड तोंडात धरून उडालं. बोंडाच्या टोकाला बी, तशीच लटकलेली. त्याच्या मागून दुसरं. तिसरं. जड ओझं घेतल्यासारखी जरा खाली झुकत, सगळी एकाच बाजूला, गडग्यावरून, वहिनींच्या फणसाकडे.

मी गडग्यापर्यंत गेले आणि उभी राहिले. फणसात कुजबूज चालली होती. रस चोखल्याचे आवाज, थुंकल्याचे आवाज. आणि मग गोठ्याच्या पत्र्यावर 'टण्'. थोड्या वेळाने पुन्हा 'टण्'. हा आवाज मी अख्खा उन्हाळा ऐकत होते. वहिनींच्या घरावर कुणीतरी पोरं खडे मारतात, अशी माझी समजूत होती. तिथे माझ्या बिया पडत होत्या.

आधी मला हसू आलं. एवढा थाट केला, देवीला कामाला लावलं, आणि चोर हा! मग हसू गेलं. वहिनींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तोंडावर, सरळ, आणि मी त्यांची थट्टा केली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणायचं तर इथे कळसा कुणीतरी हातात दिला होता आणि मी तो फेकून दिला होता.

पण मी सांगितलं ना, माझा स्वभाव. घरी येईपर्यंत मी हिशेब करून टाकला: पुनव सहा दिवसांवर आहे. पुनव झाली की मुदत संपली. कुणाला काही झालं नाही की लोक विसरतील. नारळ उचलायचा म्हणजे त्याच बायामाणसांपुढे उभं राहून माझी चूक झाली म्हणायचं. ते कशाला? सकाळी नवरा आला, विचारलं, "दिसलं काही?"

"साळिंदर," मी म्हटलं.

"आणि?"

"आणि काय? दोन होती."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग आंघोळीला गेला. मनाने सरळ आहे मी, असं वर लिहिलंय ना? तर ते असं.

एकादशीला मी पुन्हा गेले. पकडायला कुणी नव्हतं आता. पण खरं म्हणजे मला त्या बसण्याची गोडी लागली होती. आज कांडेचोराचा वास कुठून येतो, रातवा त्याच दगडावर येतो का, हे बघितल्याशिवाय झोप येईना. चंद्र मोठा होता, सड्यावर दूध सांडल्यासारखं. अशा चांदण्यात वाघळं येत नाहीत, त्यांना घुबडाचं भय. मी बॅटरी घेतलीच नव्हती. साडेबारा झाले असतील.

गडग्याला जिथे दोन चिरे पडलेत, तिथून कुणीतरी आत आलं. माणूस. फिकट लुगडं, वाकलेली पाठ, कमरेला खोचलेली ओटी. वहिनी. काल-परवापर्यंत मी ह्याच क्षणासाठी बसले होते, आणि आता देवाशपथ मला तो नको होता. म्हणजे वाघळंही नेतात आणि ह्यासुद्धा?

त्या पहिल्या कलमाखाली वाकल्या. ओटीत हात घातला. हात बाहेर काढला आणि जमिनीवर काहीतरी ठेवलं. मग पुढच्या झाडाखाली. चार इकडे, चार तिकडे, आपोआप पडल्यासारखं दिसावं म्हणून पाल्यात पसरून. त्या नेत नव्हत्या. ठेवत होत्या.

"वहिनी," मी खोपीतून म्हटलं.

त्या तिथेच खाली बसल्या. पळाल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मी जवळ गेले तेव्हा ओटी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या.

"मी चोरीत नाय गो," त्या म्हणाल्या. "ठेवतंय. तुज्याच हायत."

"काय ठेवताय? कशाला?"

"उन्हाळाभर फणसाखालनं उचलल्या त्या. थोड्या मुंबैस धाडल्या, त्या नाय आता. बाकी सगळ्या देतंय. तू घरात गेलीस की येतंय. पुनवेच्या आत संपतील."

"अहो, पण त्या वाघळांनी टाकलेल्या! तुम्हीच सांगितलंत. मी बघितलं परवा, माझ्या डोळ्यांनी बघितलं."

तोंडातून गेलं ते. परवा. वहिनींनी तो शब्द ऐकला. मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"टाकल्या वाघळांनी," त्या म्हणाल्या, "पण उचलल्या कुणी? मीच ना? गुरव काय बोलला, जो कोण नेत असेल त्याच्या घरात. माज्या घरात आता सून आठव्या महिन्यात हाय. देवी वाघळांना थोडीच धरणार हाय? त्यांना कुठे घर हाय?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले. त्या रडत नव्हत्या, मीच रडले, मोठ्याने, आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत "गप, गप गो, वाघ येईल," म्हणत राहिल्या. आपण हिच्यावर आळ घेतला आणि हीच आपली समजूत घालतेय, हे कळत होतं, तरी मला थांबता येत नव्हतं.

सकाळी नवरा बसमधून उतरला तेव्हा मी फाट्यावर उभी होते. सगळं सांगितलं, परवाचंसुद्धा. त्याने डबा माझ्या हातात दिला आणि देवळाकडे चालायला लागला. मी मागून.

गुरवाने विचारलं, "नारळ का उचलतेस ते सांगावं लागेल. तुझ्या तोंडाने. चोर सापडला काय?"

त्या दिवशी एकादशीचं पारणं, देवळात नेहमीपेक्षा जास्त माणसं. वहिनींना मी बोलावलं होतं. त्या आत आल्या नाहीत, बाहेर पायरीवर उभ्या होत्या, पदर डोक्यावर. मी म्हटलं, "चोरी झालेलीच नाही. माझ्या बिया वाघळं नेत होती. ती वहिनींच्या फणसावर बसून खातात आणि बिया खाली टाकतात. वहिनींनी मला आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. परवा मी डोळ्यांनी बघितलं, आणि तरी दोन दिवस गप्प बसले. चूक माझी. त्यांच्या घरावर काही नको."

"व्हय महाराजा," गुरव एकटाच म्हणाला. मग बाकीचे म्हणाले, बायका तोंडावर पदर धरून. एक म्हातारा मागून मोठ्याने म्हणाला, "बुरोंडीवालीने देवीला वाघळं धरायला लावली!" आणि देऊळ हसलं. आजपर्यंत हसतंय. लग्नाकार्यात कुणीतरी विचारतंच, "काय, यंदा कुणावर नारळ? मुंगसावर की काय?" हसू देत. मला राग येतो, पण माझा मीच गिळते.

गुरवाने नारळ फोडला. मी खोबऱ्याचा तुकडा घेऊन बाहेर गेले आणि वहिनींच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला नाही, पदराच्या टोकाला बांधला. आठवड्याने मुंबईला गेल्या तेव्हा सुनेला द्यायला घेऊन गेल्या, वाळलेला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. नवऱ्याने बसमध्ये पेढे वाटले.

गणपतीला वहिनी परत आल्या. आमचं बोलणं पूर्वीसारखं झालं, म्हणजे मी बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं. मी त्यांना म्हटलं, यंदा काजू आले की फणसाखालच्या बिया तुमच्याच, मी गावासमोर सांगते. त्या हसल्या. मी असंही म्हटलं, एक रात्र माझ्याबरोबर खोपीत बसा, साळिंदर दाखवते. "बगू," त्या म्हणाल्या. मला वाटलं, झालं, मिटलं.

माघात, कलमांना मोहोर दिसायला लागला होता, एका सकाळी करवतीच्या मशीनचा आवाज आला. मी भाकऱ्या टाकत होते. कुणाकडे रान साफ करत असतील म्हणून लक्ष दिलं नाही. मग जमीन हादरली. बाहेर येऊन बघते तर गडग्याच्या पलीकडे एवढं मोठं आभाळ उघडं पडलेलं. फणस आडवा झाला होता. दिरांनी लावलेला फणस.

माणसं ओंडके पाडून गाडीत भरून घेऊन गेली तेव्हा मी गडगा ओलांडून गेले. वहिनी पडवीत बसून तांदूळ निवडत होत्या.

"काय केलंत हे?"

"कीड लागली होती गो त्याला," त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "पत्र्यावर पडला असता."

मी बुंध्यापाशी गेले. कमरेएवढा रुंद बुंधा, ताजा कापलेला. फणसाचं लाकूड पिवळं असतं, हळदीसारखं. मी खाली बसून त्याच्यावरून हात फिरवला, काठापासून गाभ्यापर्यंत. एक भोक नव्हतं. भुसा नव्हता. चीक अजून गळत होता, माझ्या बोटांना चिकटला.

वहिनी पडवीतून बघत होत्या.

"आतून होती," त्या म्हणाल्या.

"होय वहिनी," मी म्हटलं.